हिच्यासारखी

"रव्यात बोट घातलंस?"

मी ज्यांच्याकडं कामाला होते त्या वहिनींनी ताट माझ्या हातातून ओढून घेतलं. थोडा रवा फरशीवर सांडला. तो गोळा करायला मी खाली बसले, तर म्हणाल्या, "राहू दे. आता घरात नाही वापरायचा तो. जाताना तूच घेऊन जा."

स्टीलचं पसरट ताट होतं ते, आणि त्यात रव्याचा पातळ थर. वहिनींची मुलगी अन्वी त्या रव्यात बोटानं अक्षरं काढायला शिकायची. नऊ वर्षांची पोरगी. तिचं बोट शिकता शिकता नाकात जायचं, तिथून परत रव्यात. शिकवणी संपली की वहिनी तोच रवा माझ्याकडून चाळून घ्यायच्या आणि डब्यात भरायला लावायच्या. भाजला की काही होत नाही, म्हणायच्या. सकाळी मी त्याचाच उपमा करायचे. साहेब परत मागून घ्यायचे.

म्हणजे माझा हात त्यांना चालत होता. त्या दिवशी ताट आवरता आवरता मी एका बोटानं 'म' काढला. ते चाललं नाही.

मी तो रवा घरी नेला नाही. ओट्यावर तसाच ठेवून निघून आले. दुसऱ्या दिवशी तो कचऱ्यात पडलेला दिसला.

हे मी फोनमध्ये बोलतेय आणि माझी मावसबहीण ऐकून लिहितेय. मला लिहिता येत नाही. तिला बजावलंय, माझं बोलणं गोड करायचं नाही. मी जळकी आहे, तर जळकीच लिही.

मी नांदूरघाटच्या बाजूच्या एका वस्तीवरची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. माझं लग्न झालं, मोडलं, आणि मी परळीत मावशीच्या खोलीवर आले. तिथून या घरात कामाला लागले. साहेबांचा राखेचा धंदा. थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, राख त्यांच्या टिप्परनं वीटभट्ट्यांना जाते. त्या घराच्या खिडक्या सकाळी पुसल्या तरी दुपारी परत काळ्या. स्वयंपाक, भांडी, खिडक्या, सगळं माझ्याकडं होतं. कामाचं मला कधी काही वाटलं नाही. पोटात दुखायचं ते बाहेरच्या खोलीत चालायचं त्याचं.

अन्वीला शिकवायला एक मॅडम अंबाजोगाईहून एसटीनं यायच्या. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. वहिनींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "कुणी विचारलं तर चित्रकलेच्या मॅडम म्हणायचं." चित्रकला कसली. अन्वीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या यायच्या. पोरीला पुण्याला नेऊन तपासून आणलं होतं. डोकं हुशार आहे, पण वाचण्यालिहिण्यात अडचण आहे, असं तिथं सांगितलं होतं. त्या अडचणीला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. वहिनी ते नाव फोनवर त्यांच्या आईला हळू आवाजात सांगायच्या.

एका पोरीला एक मॅडम. मला आधी हे खरंच वाटेना. आमच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक गुरुजी, आणि ते पण निम्मा वेळ तालुक्याच्या कामाला गेलेले. इथं मॅडम अन्वीसाठी खुर्ची ओढून द्यायच्या. समोर नाही, शेजारी बसायच्या. ती चुकली की म्हणायच्या, "बरं, पुन्हा बघू." ती परत चुकायची, मॅडम परत तेच म्हणायच्या. आवाज चढायचा नाही. मी आत कणीक मळत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आता मारतील, आता मारतील. त्यांनी कधीच मारलं नाही. मला राग यायचा. हिला कशाला नाही मारत? मला मारलं ना.

तिच्या दप्तराचा मला हेवा नव्हता. तिच्या खोलीचा नाही, तिच्या फ्रॉकांचा पण नाही. ते सगळं मोठ्या घरात असतंच. मला तिच्या चुकण्याचा हेवा वाटायचा. पोरगी बिनधास्त चुकायची. चुकून वर हसायची. एवढ्याशा लेकरावर मी जळायचे, आणि तिच्या डब्यात पोळ्या मात्र मऊ करून घालायचे.

एका दुपारी अन्वी चिडली. तिनं पुस्तक लोटून दिलं. मॅडमनी ते उचलून परत उघडलं. मग त्यांनी विचारलं, "हा शब्द तू वरच्या ओळीत वाचलास. खालच्या ओळीत तोच आला की नवा वाटतो ना?"

"हो," अन्वी म्हणाली. "कुणीतरी बदलून ठेवलाय असं वाटतं."

"कुणी नाही बदललेला. आणि तू आळशी पण नाहीस. काही जणांचं डोकं अक्षरं दुसऱ्या वाटेनं ओळखतं. आपण ती वाट शोधू."

मी मोरीत भांडी घासत होते. हातातलं पातेलं तसंच राहिलं, नळ वाहत राहिला. वरचा शब्द खाली आला की नवा. हे जगात फक्त मलाच होतं, असं मी धरून चालले होते. मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या बाबतीत सगळ्यांचीच गफलत झाली. आमच्यासारख्यांच्याच घरात होते अशी गफलत. दिवाळीच्या सुमाराला आमची सगळी वस्ती ऊस तोडायला निघायची, पोरंसोरं ट्रॉलीत. परत यायचो तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असायचं. त्यामुळं मला वाचता येत नाही, याचं कुणाला नवल वाटलं नाही. गुरुजी म्हणायचे, "तोडकऱ्यांची पोरं, मागं पडणारच." आई म्हणायची, "शाळा बुडती, म्हणून येत न्हाई." मी पण तेच खरं मानलं.

चौथीच्या वर्षी बापानं ठरवलं, हिला मागं ठेवायचं. पोरगी शिकंल. मला आत्याकडं ठेवलं आणि धाकट्या भावाला घेऊन ते गेले. तो ट्रॉलीत आईच्या मांडीवर बसला होता आणि मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मी तेव्हाही जळाले होते. पण शाळा बुडवली नाही. आत्या शेळ्या वळायला सांगायची, मी शेळ्या सोडून शाळेत जायचे आणि संध्याकाळी तिच्या शिव्या खायचे. तरी वरचा शब्द खाली आला की नवाच.

तोडकऱ्यांची टोळी परत आली. माणसं ट्रॉलीतनं भांडीकुंडी उतरवत होती. बापानं मला हाताला धरून मुकादमासमोर उभं केलं. म्हणाला, "मुकादम, माझी पोरगी वाचायली आता." आणि मला म्हणाला, "वाच गं, ट्रॉलीच्या मागं काय लिवलंय."

मी बघितलं. पिवळ्या रंगाची अक्षरं होती. सगळे बघत होते. ट्रॉल्यांच्या मागं बहुतेक जे असतं ते मी ठोकून दिलं, "आईचा आशीर्वाद."

ड्रायव्हर हसायला लागला. तिथं लिहिलं होतं, अंतर ठेवा. मुकादम बापाला म्हणाला, "लई शिकली बे तुझी पोरगी." मग सगळेच हसले.

बाप मारेल, असं मला वाटलं. त्यानं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तू इथंच व्हतीस ना? कुठं गेलतीस का?"

कुठंच नाही, अशी मी मान हलवली.

"मग कावून येत न्हाई?"

  तोवर उसाचं कारण होतं, आता तेही राहिलं नाही. आईबापानं माझ्यासाठी जे केलं, त्यानंच माझं ढ असणं पक्कं झालं. पुढच्या हंगामात मी ट्रॉलीत होते. उसाच्या वाढ्यानं, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं, मोळ्या बांधायला मला चटकन आलं. बापानं परत शाळेचं नाव काढलं नाही.

पुढं नवऱ्यानं ढ म्हटलं, सासूनं म्हटलं. मी हो म्हणून मान हलवत राहिले. आणि इथं मोरीत उभं राहून कळलं की ही अडचण असते. तिला औषध नसलं तरी वाट असते. मोठ्या घरात तिला नाव असतं, मॅडम असते. आमच्याकडं तिला ढ म्हणतात. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं. त्या रात्री मी रडले. आनंदानं रडले असं बहिणीनं लिहू नये. मी जळून रडले. अन्वीला हे नवव्या वर्षी शेजारी बसवून सांगितलं. मला तेविसाव्या वर्षी, तेही भांडी घासताना कानावर पडलं म्हणून कळलं.

मग तो शुक्रवार आला. साहेबांची बहीण माजलगावहून आली होती. ती आणि वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. मॅडम आल्या, पण अन्वी पुस्तकापुढं बसेना. पाहुणीसमोर तिला लाज वाटत असावी. वहिनी एकदा म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. तेवढ्यात मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. वहिनींनी माझ्याकडं बोट केलं.

"नीट बस अन्वी. चित्रकला पण जमली नाही, अभ्यास पण नाही केलास, तर हिच्यासारखी होशील. लोकांची भांडी घासशील."

पाहुणी हसली. मॅडम खाली बघायला लागल्या. अन्वी माझ्याकडं बघत होती.

हे मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत नव्हते. याआधी मी पण हसून आत जायचे. मालकीण हसली की आपण हसायचं असतं, असं मला वाटायचं. त्या दिवशी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी बशा टेबलावर ठेवल्या.

"होशील काय, वहिनी," मी म्हणाले. "ती हायच माझ्यासारखी. तिला जे हाय, तेच मला हाय. तिला मॅडम मिळाल्या. मला न्हाई मिळाल्या."

"काय बोलायलीस तू?"

"खरं बोलायले. ह्या चित्रकलेच्या मॅडम न्हाईत. वाचायला शिकवतात. मी आतून ऐकते सगळं."

पाहुणीनं वहिनींना विचारलं, "काय झालंय पोरीला?" वहिनींचा चेहरा पडला. घरातली गोष्ट बाहेर काढली, याचा राग तर त्यांना आलाच. पण तोडकऱ्याच्या पोरीनं आपल्या लेकीची बरोबरी सांगितली, हे त्यांना जास्त लागलं. ते मला स्पष्ट दिसलं आणि बरं वाटलं.

अन्वीनं मध्येच विचारलं, "ताई, तुला पण खालचा शब्द नवा वाटतो?"

"हो," मी म्हणाले. "मला पण."

"आत जा तू," वहिनी तिला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "उद्यापासून यायचं नाही."

"आत्तापासूनच न्हाई," मी म्हणाले, आणि चपला घातल्या.

लहान लेकराचं गुपित फोडलं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझं ढ असणं अख्ख्या वस्तीसमोर ट्रॉलीपाशी मांडलं, तेव्हा कुणी दार लावून घेतलं नव्हतं. आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही, हे तर मॅडमनीच सांगितलं होतं.

मी खोलीवर गेले नाही. सरळ स्टँडवर गेले आणि अंबाजोगाईच्या फलाटावर बसले. थोड्या वेळानं मॅडम आल्या. मला बघून थबकल्या. म्हणाल्या, "तू असं बोलायला नको होतंस गं. काम गेलं ना तुझं."

"काम दुसरं मिळंल. मला शिकवा."

"मी मोठ्या माणसांना कधी शिकवलेलं नाही."

"मी कुठं मोठी हाय? मी चौथीतच हाय अजून."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "फार वाईट वाटतं तुझ्याकडे बघून. वेळेवर कुणी लक्ष दिलं असतं तर..."

"वाईट नका वाटून घेऊ. तुमची गाडी यायला दर वेळी वेळ लागतो. तेवढा वेळ मला द्या. देता का न्हाई, एवढं सांगा."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "अन्वीच्या आईला कळलं तर माझी शिकवणी जाईल. शिवाय इथं, असं सगळ्या लोकांत..." तेवढ्यात गाडी लागली. चढता चढता म्हणाल्या, "बघते."

बघते म्हणजे काय, ते मला कळतं. आमच्या लोकांना जन्मभर तेच सांगितलं जातं. मॅडम वाईट नाहीत. त्या घाबरतात. पण त्यांना ती वाट माहीत आहे आणि मला नाही, म्हणून त्यांना मी सोडणार नाही.

लोक सांगतात, दुसऱ्याचं बघून जळू नये. आपल्या वाट्याला आलंय त्यात सुख मानावं. हे सांगणाऱ्यांच्या वाट्याला बरंच काही आलेलं असतं. मी जळणार. अन्वीचं काढून घ्यावं, असं माझ्या मनात नाही. जे तिला दिलं तेच मला द्या, एवढं मी मागते, आणि मागताना मी हात जोडणार नाही.

सोमवारी मॅडमची गाडी येईल तेव्हा मी फलाटावर असेन. त्या नाही म्हणाल्या तर बुधवारी असेन. त्यांनी दुसरी गाडी धरली तर त्या गाडीपाशी असेन. मावशी म्हणते, "एवढी मोठी घोडी, स्टँडवर बसून क ख म्हनशील का? लोक हसतील." हसू देत. वाचायला आल्याशिवाय मी तिथून उठत नाही.