एकोणीस वर्षं न हललेली कॅप

"अगं, जरा आ कर," भाऊजी म्हणायचे, आणि माझी ताई पाहुण्यांसमोर, हातातला चहाचा ट्रे तसाच धरून, आ करायची.

मग भाऊजी बोट दाखवायचे. "खालची उजवी बाजू. मोठी दाढ. दिसली? लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बसवलीय. अजून हललेली नाही." पाहुणे माना वाकवून बघायचे. एका महाभागाने तर मोबाईलचा दिवा लावून पाहिलं होतं. सगळे "वा" म्हणायचे. मीही म्हटलंय, एकदा नाही, दहा वेळा म्हटलंय. ताई तोंड मिटायची आणि बिस्किटं आणायला आत जायची.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण भाऊजींनी दात कोरूनच दोन मजल्यांचं घर बांधलं, हे कबूल करायला हवं. ते डॉक्टर नव्हते. घराच्या मागच्या खोलीत त्यांची लॅब होती. गावातले डॉक्टर पेशंटच्या दातांचं माप घेऊन डबीतून पाठवायचे, भाऊजी त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचं मॉडेल करायचे, त्यावर मेणाची दाढ कोरायचे आणि त्या मेणावरून धातूची कॅप ओतायचे. दिवसभर घासायच्या मोटरचा किर्र आवाज आणि पायाखाली पांढरी पूड. ताई ती पूड दिवसातून दोनदा पुसायची, तरी भांड्यांवर बसायचीच.

माणूस कामात तरबेज होता. नुसतं मॉडेल हातात घेऊन सांगायचे, "हा एकाच बाजूने चावतो. ही बाई झोपेत दात खाते, बघ कशा दाढा सपाट झाल्यात." मला तेव्हा याचं फार कौतुक वाटायचं. ज्यांच्या तोंडात त्यांचं काम गेलं, त्यांतल्या एकालाही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांना त्याची गरजही वाटत नसे. माणसं तक्रारी करतात, मॉडेल करत नाही, असं ते हसून म्हणायचे.

पाहिलेलं तोंड एकच, ताईचं. तिची दाढ किडली, डॉक्टरांनी रूट कॅनल केलं आणि कॅपचं काम अर्थातच घरी आलं. भाऊजींनी त्या वेळी एकाच्या ऐवजी दोन कॅप ओतल्या. एक ताईच्या तोंडात गेली. दुसरी ताईच्या जबड्याच्या मॉडेलवर चढवून त्यांनी लॅबच्या खिडकीत ठेवली. कोणी नवा डॉक्टर काम द्यायला आला की आधी खिडकीतलं मॉडेल दाखवायचं, मग ताईला हाक मारायची.

डॉक्टरांनी तेव्हा एक छापील कागद दिला होता. हिरडीच्या कडेने हळुवार ब्रश फिरवा, कॅपच्या बाजूच्या फटीत रोज दोरा घाला, वर्षातून एकदा दाखवून जा. भाऊजींनी तो वाचला आणि त्यात मेणाचे तुकडे गुंडाळून ठेवले. "निगा कच्च्या कामाला लागते," म्हणाले. वर्षातून एकदा दाखवून जा, हे मात्र त्यांनी फारच मनावर घेतलं. वर्षातून पन्नासदा दाखवत होते.

कॅप बसवल्यावर अकराव्या वर्षी ताईने पहिल्यांदा सांगितलं. मी तिथेच होते. "अहो, या दाढेशी काहीतरी अडकतं. वासही येतो. आणि पुढची दाढ गार पाण्याने ठणकते."

भाऊजी उठले. मला वाटलं, दिवा घेऊन तिच्या तोंडात बघतील. ते लॅबमध्ये गेले आणि खिडकीतलं मॉडेल घेऊन आले. त्यावरची कॅप काढली, पुन्हा बसवली आणि मॉडेल तिच्या नाकासमोर धरलं.

"बघ. केस तरी जाईल का आत? मग अन्न कुठून अडकणार?"

ताई त्या प्लास्टरच्या जबड्याकडे बघत राहिली. "नाही जाणार," म्हणाली. झालं. दुखत होतं तिला, आणि तपासणी झाली प्लास्टरची.

प्लास्टरची हिरडी जागची हलत नाही. माणसाची वयाबरोबर खाली सरकते, कॅपची कड उघडी पडते आणि तिथून आतल्या दाताला कीड लागते. भाऊजींना हे माहीत नव्हतं असं समजू नका. दुसऱ्या लॅबची कॅप अशी निघून आली की तेच चारचौघांत सांगायचे, "कडेला किडलं असणार, माप बदललं असणार." स्वतःच्या घराची पाळी आली की मॉडेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी ताईला म्हटलं, डॉक्टरकडे जा. एकदा ती गेलीही. पण गावातले झाडून सगळे दातांचे डॉक्टर भाऊजींचे गिऱ्हाईक. त्या डॉक्टरने तोंडात बघितलं, कॅप ओळखली आणि म्हणाला, "वहिनी, ही तर त्यांची सुप्रसिद्ध कॅप. हिला मी कशाला हात लावू?" आणि संध्याकाळच्या आत भाऊजींना फोन. त्या दिवसापासून आठवडाभर भाऊजी ताईशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "घरच्याच माणसाने बाजारात नाव घालवायचं म्हणजे कमाल आहे."

त्यानंतर ताई मूग गिळून बसली. डाव्या बाजूने चावायला लागली. कडक पेरू आवडायचा, तो सोडला. बर्फ सोडला. हसताना ओठांवर हात यायला लागला, तोंडाला वास येतो म्हणून. मी दाताच्या कण्या केल्या, पण तिचं एकच, "जाऊ दे गं. त्यांचं काम आहे ते." अशी आठ वर्षं तिने ते दुखणं अंगावर काढलं, आणि या आठ वर्षांत भाऊजींनी "आ कर" म्हणणं काही सोडलं नाही. इतकी माणसं त्या तोंडात डोकावली आणि एकालाही काळी पडलेली कड दिसली नाही. सगळे कॅपच बघत होते, मीसुद्धा.

एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी ताईचा गाल गळ्यापर्यंत सुजला. अंगात ताप. थुंकी गिळता येईना. तोंड बोटभरही उघडेना, एवढा जबडा आवळला होता. भाऊजी गोंधळून तिच्यासमोर उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "अगं, आ कर बघू." तिने प्रयत्न केला. आ होतच नव्हतं.

मी रिक्षा केली आणि तिला जवळच्या शहरात नेलं, जिथे भाऊजींना कोणी ओळखत नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाई चिडल्याच. "आणखी दोन दिवस उशीर केला असता तर श्वास अडकला असता," म्हणाल्या. तिला दवाखान्यात ठेवलं, पू काढला, सलाईनमधून औषधं दिली. ते दोन दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. तिच्या घशातून निघणारी घरघर मला अजून ऐकू येते. सूज उतरल्यावर बाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरून सांगितलं, "कॅपला कीड लागत नसते हो, दाताला लागते. कॅप दहा-पंधरा वर्षं टिकते ती खालच्या दाताच्या जिवावर. वेळेवर कापून काढली असती तर दाढ वाचली असती."

दाढ काढायच्या दिवशी भाऊजी आले. दारातूनच म्हणाले, "कॅप कापू नका हं. सबंध निघते का बघा."

"कापायला खाली दात उरलाय कुठे?" बाई म्हणाल्या.

कॅप नुसत्या चिमट्याने वर आली. आतून काळा भुगा पडला. मुळं मात्र बाईंना तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली. भाऊजींनी कॅप मागून घेतली, नळाखाली धुतली, खिडकीपाशी जाऊन उजेडात फिरवून पाहिली. मग तोंडात कापसाचा बोळा धरून बसलेल्या ताईकडे वळून म्हणाले, "बघ. एक चरा नाही."

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. पडलो तरी नाक वर, ते हे.

तीन महिन्यांनी त्या जागी ब्रिज करायचा ठरलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांचा आधार घेऊन मधली दाढ. भाऊजींनी बाईंना बजावलं, माप माझ्याकडेच पाठवायचं. बाईंनी पाठवलं. भाऊजी पंधरा दिवस त्या ब्रिजवर बसले होते. खोटं कशाला बोलू, काम देखणं झालं. बसवायच्या दिवशी मी ताईबरोबर गेले. खुर्चीत बसल्यावर ताईने पर्समधून तो ब्रिज काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव."

"म्हणजे?"

"बाईंना मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी दुसरं माप घेऊन दुसऱ्या लॅबकडून करून आणलाय." मग तिने टेकून डोळे मिटले. "माझ्या तोंडात आता मला दुसरं कोणी नकोय."

मला वाटलं होतं, आठवड्याभरात घरात आग लागेल. ज्या माणसाला अनोळखी जबडा बघून तो झोपेत दात खातो हे कळतं, त्याला स्वतःचं काम कोणतं आणि परक्याचं कोणतं, हे एका नजरेत कळणारच. पण त्यासाठी नजर टाकायला हवी. दाढ गेल्यापासून भाऊजी ताईला आ करायला सांगत नाहीत; लाज वाटते की धसका घेतलाय, देव जाणे. खिडकीत आता नवं मॉडेल आहे. सवयीप्रमाणे ब्रिजही त्यांनी दोन ओतले होते, त्यातला दुसरा मॉडेलवर चढवलाय. पाहुणे आले की तो काढून, बसवून दाखवतात.

"बायकोच्या तोंडात हाच आहे," म्हणतात. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, "काय गं, कसा आहे?"

"हललेला नाही," ताई आतून सांगते. रोज जेवणानंतर ती न चुकता त्या ब्रिजखाली दोरा फिरवते, दार लावून.

भाऊजींचा ब्रिज माझ्या कपाटात डबीत आहे. दीड वर्ष झालं.