भागवतच्या ढिगातली पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं. तरी जमलं. सतरा-अठरा वर्षं जमलं. खोटं एकदा अंगवळणी पडलं की त्याचं ओझं वाटत नाही म्हणतात. मला वाटतं. पण ते असू द्या.

परवा टीव्हीवर लांबच्या देशातल्या निवडणुकीची बातमी चालू होती. तिथे म्हणे राष्ट्राध्यक्षपदासाठी आधी पक्षातल्या पक्षातच लढत होते. त्यातल्या एकाने मधेच नाव मागे घेतलं, आणि कालपर्यंत ज्याला नावं ठेवत होता त्याचाच हात धरून उभा राहिला. माझा मुलगा जेवता जेवता म्हणाला, “कुछ तो मिला होगा, पप्पा. असाच कोणी बसत नाही.” मी पोळीचा तुकडा मोडत राहिलो. काय सांगणार होतो त्याला? की बसणाऱ्याला कधी कधी काहीच मिळत नाही, आणि तरी तो बसतो?

आमच्याकडे नाव मागे घेतलं की ‘तो बसला’ म्हणतात. मी बसलो होतो. आमचं गाव जसोंडीच्या अलीकडे, केळीच्या बागांमधलं. आता नातवंडांच्या शाळेपायी मी बुऱ्हाणपुरात शनवारा भागात राहतो, पण शेती आणि मत अजून गावातच आहे. गावात आजही कुणी पाहुणा आला की माझी ओळख करून देतात — हे सुपडूभाऊ, गावात भांडण नको म्हणून यांनी सरपंचकी सोडली. मी हात जोडतो. पाहुणाही हात जोडतो.

भागवतबद्दल आधी सांगायला हवं. त्याच्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

भागवत आणि मी एका सायकलवर शाळेत गेलो. सायकल माझी, पायडल त्याचे. परीक्षा संपली की तापीवर राजघाटाला पोहायचं आणि येताना दोघांत पावशेर मावा जिलबी घ्यायची. शेवटचं वेटोळं नेहमी तो मला द्यायचा — मला गोड सोसत नाही म्हणायचा. लबाड. त्याच्याइतका गोडखाऊ माणूस मी पाहिला नाही. पुढे दोघांची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली, दोघांनी केळी लावली, आणि केळीची गाडी भरायच्या दिवशी मी त्याच्या बागेत नि तो माझ्या. ते दिवस आठवले की अजून छाती भरून येते. का येऊ नये? ते दिवस तर खोटे नव्हते.

सरपंचकीला आम्ही दोघंही उभे राहिलो, त्यात भांडण काहीच नव्हतं. तिसरे होते प्रल्हादशेठ. गावातलं सगळ्यात मोठं घर, माणूस अबोल, थोडा गर्विष्ठ. दोघं लढलो तर मतं फुटतील आणि शेठ आरामात निवडून येतील, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एकाने बसायचं आणि दुसऱ्यामागे उभं राहायचं, हे ठरलं. कुणी बसायचं, तेवढं ठरत नव्हतं.

भागवतला नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, बांधायचा होता. त्याची वस्ती नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की तिकडच्या पोरी शाळेला मुकायच्या. त्याची लेक सुनंदा तेव्हा पाचवीत होती. मला काय करायचं होतं? खरं सांगू — मला सरपंच व्हायचं होतं. बस, एवढंच.

तोड भागवतनेच काढली. हिवाळा होता, वांगी भरात होती. दोघांनी आपापल्या मळ्यात भरीत-पार्टी करायची, सगळ्या गावाला बोलवायचं. ज्याच्या मळ्यात जास्त पानं उठतील तो उभा राहील, दुसरा बसेल. आपल्याकडे भरिताला लोक नाही म्हणत नाहीत, पण बसून पोटभर कुणाच्या बांधावर जेवायचं आणि कुठे नुसतं तोंडदेखलं जायचं, हे ज्याचं त्याला पक्कं माहीत असतं. मला हसू आलं, पण मी हो म्हणालो. अट फक्त दोघांत ठेवायची होती.

शनिवारी माझ्याकडे झाली. कापसाच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली, शेंगदाणे हात सोडून टाकले, कांद्याची पात, लसूण, कळण्याच्या पुऱ्या. भरीत फर्मास जमलं होतं, हे माझे वैरीही कबूल करतील. पण लोक उभ्या उभ्या यायचे. कुणाची म्हैस व्यायची होती, कुणाला बुऱ्हाणपुराला जायचं होतं.

रविवारी भागवतकडे. त्याच्या भरितात मीठ जास्त झालं होतं. आणि लोक हलेनात. दिवस मावळायला आला तरी पंगती बसतच होत्या, म्हाताऱ्या भजनं म्हणत होत्या, माझा सख्खा काका दोनदा जेवला. माझ्या मळ्यात तो जेमतेम दोन घास खाऊन गेला होता.

मग आम्ही दोघांनीच पानं मोजली. माझी आदल्या दिवशीची मी म्हशीला न घालता बाजूला ठेवली होती, ती गाडीत घालून आणली होती. खरकटी केळीची पानं, दोन ढीग, आणि दोन शहाणे बाप्ये ती उचलून मोजताहेत. माझा ढीग लवकर संपला. भागवतचा संपेना. त्याने मध्येच माझ्याकडे बघितलं, आणि हसत हसत आपल्या ढिगातली चार-पाच पानं उचलून माझ्या ढिगावर टाकली.

“बराबरच हाय रे भो,” म्हणाला. “थोडंसंच इकडेतिकडे.”

बराबर नव्हतं. माझं निम्म्याने कमी होतं. आणि त्याने माझी कीव केली होती — निदान मला तसं वाटलं. हरल्याचं मला तितकं लागलं नाही. ती चार पानं लागली. शाळेपासूनचं ते शेवटचं वेटोळं आठवलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की हा मला आयुष्यभर देतच आलाय, आणि मी घेतच आलोय, आणि आता गावही याचंच.

मी त्याला म्हणालो, “मी बसतो, तू लढ.” त्याने मला मिठी मारली.

नाव मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी मी बसलो. ठरल्याप्रमाणे. आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात सगळ्या गावासमोर नारळ फोडून मी पाठिंबा जाहीर केला — प्रल्हादशेठना.

भागवत देवळातच होता. पेढे आणले होते त्याने.

का केलं मी? शेठनी मला काही दिलं नाही. मागितलंही नाही. मी सकाळी आपल्या पायांनी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांना माझ्याइतकंच नवल वाटलं. शेठ निवडून आले तर मी एका मोठ्या घरापुढे हरलेला माणूस, त्यात काय लाज? पण भागवत निवडून आला असता तर मी जन्मभर भागवतच्या मागचा. तो सरपंच, आणि मी सायकलचा मालक. हे मला बघवणार नव्हतं.

भागवत सतरा मतांनी पडला. माझ्या एका गल्लीची मतं त्याहून जास्त होती.

इथवरचंही कदाचित मी कुणाला तरी सांगू शकलो असतो. खरं पाप पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या मळ्यात आला. रागावला नव्हता. नुसतं विचारलं, “काय झालं रे?” आणि मी — माझ्या मळ्याची वाट शेठच्या शेतातून जाते — मी म्हणालो, शेठनी वाट बंद करायची धमकी दिली. केळी काढायची वेळ आहे, माल कुठून काढू? वर म्हणालो, कुणाला बोलू नकोस, नाहीतर खरंच बंद करतील. माझ्या डोळ्यांत पाणीही आलं. ते कुठून आलं, मला आजही माहीत नाही.

त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. “मले सांगायचं ना भो. तू एकट्यानं कायले सोसलं?”

शेठनी वाट कधीच अडवली नव्हती. उलट एका पावसाळ्यात माझी गाडी रुतली तेव्हा त्यांनीच बैल पाठवले होते.

पुढची पाच वर्षं रपटा झाला नाही. सुनंदाला भागवतने डोईफोडियाला मामाकडे ठेवलं शिकायला. लेक सणासुदीला पाहुणीसारखी घरी यायची. पोहोचवून परतताना तो माझ्या मळ्यात थांबायचा, पाणी प्यायचा आणि घरी जायचा.

शेठशी तो त्या दिवसापासून बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी शेठ वारले. सगळं गाव गेलं, भागवत नाही गेला. मेल्या माणसाशी कसलं वैर, म्हणून लोकांनी त्याला नावं ठेवली. तो गप्प बसला, कारण मी त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. मी शेठना खांदा दिला.

आणि गेल्या आठवड्यात तो शनवाऱ्याला आला. हातात मावा जिलबी. निवडणूक पुन्हा आलीय. म्हणाला, “ह्या बारीले तू उभा राह्य, सुपडू. त्या बारीले शेठनं तुले धमकावलं. आता मी गावभर फिरतो तुह्यासाठी. पानं मोजायचं काम नई.”

सून चहा ठेवून गेली. खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून बरी वेळ कोणती असती?

मी म्हणालो, “बघू.”

पुड्यात शेवटचं वेटोळं उरलं होतं. त्याने पुडा माझ्याकडे सरकवला. मी ते खाल्लं.