एकच पार्ट बाकी

सुरतेजवळ उधन्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जुनी मोटार उभी आहे. शेजारच्या काकांनी ती भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवून आणली. कापड गिरणीच्या लूम खात्यातून रिटायर झालेले हे काका सकाळी चहा झाला की बॉनेट उघडून अर्धे आत शिरतात. मागे दिसतो तो फक्त लेंगा. गाडी कुठवर आली, असं विचारलं की आतून आवाज येतो, "बस, एकच पार्ट बाकी शे!"

दसऱ्याला मात्र पंचाईत झाली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आता लिंबावरून गाडी गेलीच पाहिजे म्हणून अख्खी सोसायटी जमली. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घुरघुरलं. शेवटी आम्हीच ढकलून लिंबू चिरडलं. काका फारच दुःखी दिसले. पण मी पडलो चोंबडा. पूजेआधी बॉनेट लावताना त्यांनी अंगठ्याएवढा रोटर हळूच खिशात सारलेला मी पाहिला होता. तो नसला की इंजिनाला ठिणगीच मिळत नाही.

मी जाऊन काकूंच्या कानात सांगितलं. त्या पेढे वाटत होत्या.

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "कपडा धुतांना मीच तो खिसामाईन काढस, आन परत ठेवस."

"मग बोलत का नाही?"

त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "गाडी सुरू व्हई गयी, म्हंजे हाऊ माणूस दिनभर मन्हा स्वयंपाकघरमा बसी ना!"