बुधवारकाकू

गोधडी उसवायला बसलं की एका लुगड्याखाली दुसरं निघतं, दुसऱ्याखाली तिसरं. चारठाण्याच्या बोर्डिंगाचं तसंच हाय. एक किस्सा काढावा तर खालून दुसरा डोकावतो.

निजामाचं राज होतं तेव्हाची गोष्ट. देवळामागच्या दोन खोल्यांत गुरुजींनी बिनमायबापाची बारा पोरं सांभाळली होती. ते घरोघर जाऊन म्हणायचे, "दाणे हायेत, हात न्हाईत. आठवड्यातला एक वार द्या. येऊन रांधा, वाढा, पोरांकडं बघा."

सासूबाई म्हणल्या, "इथं आपल्याच घरचं उरकंना!"

सासरे म्हणले, "सुनेच्या मांडीवर अजून लेकरू न्हाई. बुधवार देऊन टाका."

तेवढंच बोलले अन् शेताला गेले. सोन्याची पुतळी दिली असती तरी मी एवढी जपली नसती. त्यांचे उपकार अजून फिटले न्हाईत.

पोरांना आमा बायांची नावं ध्यानात राहायची न्हाईत. म्हणून कुणी सोमवारकाकू, कुणी मंगळवारकाकू. मी बुधवारकाकू.

*

पहिल्या बुधवारी मी घरच्या गड्यांच्या अंदाजानं भाकरी थापल्या. पाच वर्षांच्या सख्याच्या ताटात भाकर मावंना. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, पुढून बघितली, मागून बघितली.

"काकू, ही खायची का पांघरायची?"

*

सख्याच्याच डोक्यात उवा लय. उन्हात बसवून मी एकेक काढायले, नखावर चिरडायले. एक चांगली टपोरी सापडली, ती त्याला दाखवून मारली.

सख्या म्हणला, "माय मारली तुमी त्यांची. आता बारकी बोर्डिंगात घ्या."

मी हसावं का रडावं? दोन्ही केलं.

*

गुरुजी गावाला गेले की पोरांचा अभ्यास माझ्याकडं. मला अक्षराची ओळख न्हाई, पण हे पोरांना सांगतं कोण? पुस्तक धरायचं अन् म्हणायचं, "मोठ्यानं वाच." पोरगं जरा अडखळलं की मी म्हणायची, "चुकलं." ते मागं जाऊन बघायचं, तर खरंच चुकलेलं असायचं. माझा दरारा बसला.

एक दिवस थोरला गण्या समोर येऊन बसला. "काकू, पुस्तक उलटं धरलंय."

"तू समोर बसलास ना? तुला सुलटं दिसावं म्हणून."

*

मदरशात, म्हंजी निजामाच्या सरकारी शाळेत, शिकवणं उर्दूतनं. पोरं वार घोकत यायची, दोशंबा, सेशंबा, चहारशंबा. म्हंजी सोमवार, मंगळवार, बुधवार. लगेच आमची बारशी झाली, मी चहारशंबाकाकू.

मंगळवारच्या गौराक्का लय सोवळ्याच्या. पोरांनी दारातनं हाक मारली, "सेशंबाकाकू!"

गौराक्कांनी उलथनं उगारलं. "शेंबडी कुणाला म्हणतो रे? आधी तुझं नाक पूस."

*

नाम्या आला तो पटकीत मायबाप दोघंबी गेल्यावर. सात वर्षांचा, पण तोंडातनं शब्द न्हाई. बाकीची पोरं घोकायची, हा भिंतीला टेकून ऐकायचा. मी घरी निघाले की गल्लीच्या टोकापर्यंत मागं यायचा. मी म्हणायची, "येते रे पुढल्या बुधवारी." हा नुसता बघत उभा.

मग त्याचा चुलता आला. "मुक्यानं शिकून काय करायचंय? ढोरं राखील."

गुरुजी म्हणले, "मदरशात नाव लागलं तर इथंच राहील. मौलवीसायबांपुढं बोललाच न्हाई, तर खुशाल घेऊन जावा."

चुलत्यानं बैल सोडलेच न्हाईत. गाडी मदरशापुढं जुंपलेली.

त्या दिवशी बुधवारच होता. मी दाराआड उभी, पदराचं टोक दातात.

मौलवीसायब मायाळू माणूस. "बेटा, नाम क्या तेरा?"

नाम्या गप.

"बाप का नाम?"

गप. चुलता पागोटं सावरत उठला, नाम्याचं मनगट धरलं.

मौलवीसायबांनी हातानंच चुलत्याला थांबवलं. "अच्छा, माँ का नाम तो बोल."

"चहारशंबा."

मौलवीसायबांची लेखणी तिथंच थांबली. "अरे बेटा, ये तो दिन का नाम है."

"जी," नाम्या म्हणला. "उसीच दिन आती."