शेपटीचं नारिंगी जॅकेट

मोठी जोडसुट्टी संपली की पुढच्या मंगळवारी संध्याकाळी आमची मोटारसायकलवाली मंडळी रंकाळ्याजवळच्या एका चहाच्या गाड्यावर जमतात. कोण कुठल्या खड्ड्यात आपटलं, कुणी किती मासे हाणले, कुणाची चेन कुठल्या आडगावात तुटली, ते प्रत्येकानं सांगायचं. घरच्यांना हे ऐकायचं नसतं, शेजाऱ्यांना तर त्याहून नाही, म्हणून आम्ही एकमेकांना सांगतो. याला आमच्यात 'टाकी रिकामी करणं' म्हणतात. थोडं खोटं बोललं तर चालतं, पण कंटाळवाणं बोलणाऱ्याला सगळ्यांना चहा पाजावा लागतो. आणि शेपटीनं सगळ्यात शेवटी बोलायचं, हा नियम.

शेपूट म्हणजे राईडमध्ये सगळ्यांच्या मागं राहणारा गडी. त्याच्या अंगात भडक नारिंगी जॅकेट असतं. पुढच्यानं मोक्याच्या जागी थांबून नारिंगी आलं का बघायचं. आलं म्हणजे सगळे आले. गाड्या मोजायच्या नाहीत. 'भाकरी मोजू नये आणि माणसं मोजू नयेत, मोजली की कमी पडतात,' असं आमचे वकीलसाहेब म्हणतात, आणि पुढं नेहमी तेच असतात. मी हायस्कुलात गणित शिकवते. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण कोर्टात भल्याभल्यांना गप्प बसवणारा माणूस माझं काय ऐकणार!

शेपूट म्हणजे आमचे हे. कायमचे. कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरायची सवय. मग सुट्टीतही मागं राहून कुणाचा प्लग साफ कर, कुणाला पाणी दे, हेच चालू. माझी गाडी वेगळी, यांची वेगळी. मी कायम यांच्या पुढं, शेवटून दुसरी. आरशात तो नारिंगी ठिपका असला की मी निर्धास्त असते.

गेल्या पावसाळ्यात स्वातंत्र्यदिनाला जोडून शनिवार-रविवार आले आणि आम्ही विजयदुर्गला गेलो. सुट्टी छान गेली, मासे ताजे मिळाले, कुणाची गाडी बंद पडली नाही. किल्ल्याच्या तटावरून हे 'अगं ए!' म्हणून ओरडले, तर खाली चालणाऱ्या चार बायकांनी वळून वर बघितलं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. 'अगं', 'ऐकतीस का', फारच लाडात आले तर 'मास्तरीणबाई'. सासरे तसेच होते.

"मग माझं नाव ठेवलंय कशाला?" मी वर जाऊन विचारलं.

"रेशन कार्डाला," हे म्हणाले.

रविवारी दुपारी परत निघालो. भुईबावडा घाटाच्या पायथ्याशी एका टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा समोरचा डोंगर जागेवर आहे की नाही ते कळत नव्हतं. नुसतं पांढरं धुकं आणि त्यातून कोसळणारा पाऊस. आमच्यातला पेठ वडगावचा दूधवाला कुडकुडत होता. स्वतःची डेअरी सांभाळणारा चांगला धट्टाकट्टा माणूस, पण अंगात कणकण भरली होती आणि रेनकोट पाठीवर पार उसवला होता. मी आत चुलीजवळ हातमोजे शेकत बसले. बाहेर कोण काय करतंय तिकडं माझं लक्ष नव्हतं. वकीलसाहेबांचा हॉर्न वाजला तशी पळत गेले आणि गाडीला किक मारली.

तो घाट अरुंद आहे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधल्या रस्त्यावर त्या दिवशी पाणी, खडी आणि चिखल. पुढच्या गाडीचा लाल दिवा कधी दिसे, कधी नाही. काच पुसली की परत धुरकट. मी दात आवळून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काढत होते. मधूनमधून आरशात बघत होते. नारिंगी होतं. ते दिसलं की मनात म्हणायचे, असू द्या, सावकाश या, मी आहे पुढं. एका अवघड वळणावर वरून एसटी आली. मला कडेला दबून थांबावं लागलं, गाडी बंद पडायला आली. पहिला गिअर टाकून मी जोरात रेस केली आणि कशीबशी वर काढली. वळण पार झाल्यावर आरशात बघितलं. नारिंगी मागंच होतं.

घाट चढून गगनबावड्याला आलो. वकीलसाहेब फाट्यावर पावसात उभे होते. माझ्यामागून नारिंगी जॅकेट धुक्यातून बाहेर आलेलं त्यांनी बघितलं, हात वर केला आणि गाडी पुढं काढली. एवढ्या पावसात थांबण्यात अर्थ नव्हता, चहा साळवणला घेऊ असं ठरलेलंच होतं.

साळवणला हॉटेलच्या पत्र्याखाली गाड्या लावल्या. मी हेल्मेट काढून केस पिळत होते. नारिंगी जॅकेट माझ्या शेजारी येऊन थांबलं. "हात गारठले का हो?" मी विचारलं. त्यानं हेल्मेट काढलं, आणि आत दूधवाला.

"हे कुठं आहेत?"

"दादा मागं हायत की," तो म्हणाला. मग त्यानं मागं बघितलं. मागं नुसता ओला रस्ता होता.

"जॅकेट तुमच्या अंगात कसं?"

"दादांनीच घातलं, वैनी. मी नको नको म्हणत हुतो. दादा म्हणले, घाल गप, आन माझ्या फुडं ऱ्हा." त्यानं गाडीचा ओला आरसा बोटानं पुसून दाखवला. "आरशात कायबी दिसत न्हवतं. मला वाटलं, हायत मागं."

दुसऱ्याला कुडकुडताना बघून अंगातलं काढून देणं ही आमच्याकडची जुनी खोड. देताना आपण शेपूट आहोत, सगळे याच रंगाकडं बघतात, हे यांच्या डोक्यात आलं नाही. घेणाऱ्याच्याही नाही. वकीलसाहेबांनी तिथं बोटानं गाड्या मोजल्या. त्यांना मोजताना मी पहिल्यांदा बघत होते. मोजून झाल्यावर त्यांनी परत मोजल्या.

यांचा फोन लागत नव्हता. घाटात रेंज नसतेच. "वैनी, तुम्ही बसा हितं, आम्ही जाऊन येतो," वकीलसाहेब म्हणाले. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आधी माझी गाडी निघाली, मग त्यांची.

मी भित्री नाही. पण त्या परतीच्या वाटेवर माझी भीतीनं बोबडी वळली होती, ती वळलेलीच राहिली. पंक्चर झालं असेल, असं मी स्वतःला सांगत होते. पंक्चर काढायला बसले असतील, तोंडात शिवी आणि हातात पाना. गगनबावड्यापर्यंत हे पंक्चर मला पुरलं. घाट उतरायला लागले आणि पुरेना. मी या घाटातून सगळा वेळ कुणाशी बोलत आले होते? सावकाश या, मी आहे पुढं, हे मी कुणाला सांगत होते? मला दूधवाल्याचा राग आला, वकीलसाहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त यांचा आला.

निम्मा घाट उतरल्यावर धुक्यात काहीतरी काळं दिसलं. यांची गाडी. कठड्याला लागून, स्टँडवर नीट उभी केलेली. एक आरसा फुटलेला, हँडल वाकडं, आणि हँडलला हेल्मेट अडकवलेलं. माणूस नाही.

गाडी टाकून मी कठड्याशी धावले. खाली काही दिसत नव्हतं, दरी पार धुक्यानं भरली होती. "अहो!" मी ओरडले. "अहो! अहो!" दरीच्या तोंडाशी उभं राहून 'अहो' म्हणून ओरडायचं! पण दुसरं काही तोंडात येईना. वकीलसाहेब मागून आले, त्यांनी माझा दंड धरला आणि सोडलाच नाही.

खालून एसटी आली. ड्रायव्हरनं आमच्यापाशी गाडी थांबवून काच सरकवली.

"ओ पावणं, त्या गाडीवाल्याला शोधताय व्हय? पिकअपमधनं खाली दवाखान्यात नेलाय त्याला."

"जिवंत आहेत?" मी विचारलं. असा प्रश्न मी कधी विचारीन असं वाटलं नव्हतं.

"बोलत हुता की. लई बोलत हुता."

मग ते हेच, दुसरं कोण!

दवाखान्यात हे खाटेवर बसले होते, खांद्यापासून हात बांधलेला, चेहरा चुन्यासारखा पांढरा. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "अगं, त्याची थंडी गेली का?"

"चुलीत घाला ती थंडी!" मी म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडले. चिखलावरून चाक सरकलं होतं, खांद्याचं हाड मोडलं होतं, आणि पायावर पडलेली गाडी पिकअपवाल्यांनी उचलून कठड्याला लावेपर्यंत हे तिथंच अडकून होते. यापलीकडं काही सांगितलं नाही. घरी आल्यावरही नाही.

मंगळवारी रंकाळ्यावर सगळे जमले. यांना नको म्हटलं तरी हे आले. दूधवाल्यानं जॅकेट धुऊन, वर इस्त्री करून पिशवीतून आणलं होतं. रेनकोटच्या कापडाला इस्त्री! एरवी यावर तासभर हसलो असतो. एकेकानं आपापली टाकी रिकामी केली. किल्ला, मासे, पाऊस. घाटापाशी आलं की प्रत्येकजण थांबायचा आणि चहा घ्यायचा.

शेवटी हे. यांनी नेहमीसारखी मजा केली. गटारात कसे पडले, पायावर गाडी आणि छातीवर बेडूक कसा, बेडकाला 'पावणं, जरा सरका की' कसं म्हणाले. मंडळींना हसायचंच होतं, ती हसली. मला हसू आलं नाही. अंगाचा तिळपापड झाला होता.

"बेडकाचं पुरे. तिथं पडून काय केलंत ते सांगा."

हे चहाच्या ग्लासात बघत राहिले.

"गाड्यांचा आवाज ऐकत हुतो. एकेक वर जात हुती," हे म्हणाले. मग माझ्याकडं न बघता सगळ्यांना सांगितल्यासारखं, "बराबर माझ्या डोक्यावरच्या वळणाला हिची गाडी थांबली. हिचा गिअर मी झोपेतबी वळखतो. म्हटलं, थांबली. हाक मारली."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"रेस केली आन गेली."

मला ते वळण आठवलं. एसटी, दबून थांबलेली मी, आरशातलं नारिंगी. मी रागानंच म्हणाले, "'अगं' म्हणून ओरडला असाल! त्या पावसात कुणाला कळणार 'अगं' म्हणजे कोण?"

"न्हाय," हे म्हणाले. "नावानं मारली. लई येळा मारली."

वीस वर्षांत जी हाक ऐकायला मिळाली नाही, ती माझ्या पायाखालच्या वळणावरून आली होती, आणि मी आरशात बघून निर्धास्त होऊन निघून गेले होते. मला खूप वाईट वाटलं. अजून वाटतं.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला आणि पुढच्या वेळेपासून गाड्या मोजायच्या, असं जाहीर केलं. मी दूधवाल्याच्या हातातली पिशवी घेतली, जॅकेट काढलं आणि अंगात घातलं. बाह्या लांब होत्या, दुमडल्या.

"आता शेपूट मी. हाड जुळलं की तुम्ही माझ्या पुढं चालायचं, मला दिसाल असं."

"अगं, पण..."

"नावानं सांगा, मग ऐकते."

हे लाल झाले. एमआयडीसीत शंभर माणसांवर ओरडणारा माणूस, चहावाल्याकडं बघायला लागला, मग तळ्याकडं. दूधवाला मान खाली घालून बसला होता. आणि मग सगळ्यांसमोर, हळूच, यांनी मला हाक मारली.

"ओ," मी म्हणाले.