मावशींसोबत एक फोटो

माझ्या आईच्या पाटीत प्लॅस्टिकची पापलेटं ठेवली होती. चार पापलेटं आणि एक खेकडा. खेकडा लालभडक, शिजवल्यासारखा. आईने आयुष्यभर डोक्यावरून म्हावरं वाहिलं. प्लॅस्टिकचं पहिल्यांदाच.

वाशीच्या एका हॉटेलचा हॉल. आमच्या डेंटल सोसायटीचं वार्षिक अधिवेशन. दिवसभर इम्प्लांट आणि लेझरवर भाषणं झाली. संध्याकाळी फॅमिली प्रोग्रॅम, थीम ‘कोळीवाडा नाईट’. दारात जाळं टांगलेलं, त्यावर दिव्यांच्या माळा. पुढे पुठ्ठ्याची होडी. होडीशेजारी माझी आई. ती तेवढी खरी.

तिला मीच आणलं होतं. सत्काराला.

सोसायटीच्या सेक्रेटरी माझ्या मॅडम. सीवूड्सला त्यांचं क्लिनिक. सहा वर्षं मी तिथे काम करत होते. तू मला मुलीसारखी, असं त्या पेशंटसमोर म्हणायच्या. मला ते आवडायचं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मला मुलीसारखी म्हणणारी डॉक्टर बाई म्हणजे मोठी गोष्ट होती.

खरं सांगायचं तर खोटं आधी मी बोलले होते. कॉलेजात पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, पप्पा काय करतात? मी म्हटलं, फिश एक्सपोर्ट. बाबांची एक होडी, आई नेरूळच्या मार्केटात बसायची. याला एक्सपोर्ट म्हणत नाहीत. तरी ते खोटं माझ्यासोबत डिग्रीपर्यंत आलं, क्लिनिकपर्यंत आलं. खरं फक्त मॅडमना सांगितलं होतं. विश्वासाने.

अधिवेशनाच्या महिनाभर आधी त्या म्हणाल्या, “आईला आण गं. अशा बायकांचा सन्मान झालाच पाहिजे. तिच्या खऱ्या वेशात आण. आणि एखादी पाटी मिळाली तर बघ.”

आईला सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, “सत्काराला पाटी कनाला गो, बाय?”

मी म्हटलं, थीम आहे आई, टेन्शन घेऊ नको. सहा वर्षं दातांची मुळं शोधणाऱ्या मला जे दिसलं नाही, ते तिला एका वाक्यात दिसलं होतं. तरी ती आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, लग्नातले दागिने घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पेपर होता. मिश्री लावणाऱ्या आमच्या गावच्या बायकांच्या हिरड्यांवर. त्या बायका डॉक्टरला घाबरायच्या. आईने त्यांना देवळाच्या ओट्यावर गोळा केलं, सगळ्यांदेखत खुर्चीत बसली आणि आधी आपलं तोंड उघडलं. मग बाकीच्या बसल्या. पेपरवर पहिलं नाव मात्र मॅडमचं. ते मी चालवून घेतलं होतं. अशी पद्धतच आहे, असं स्वतःला सांगून.

त्या संध्याकाळी मी आत लॅपटॉपवर माझ्या स्लाइड बघत बसले होते. आईला दारात मॅडमच्या ताब्यात दिलं होतं. तासाभराने बाहेर आले तर ती होडीजवळ. डोक्यावर पाटी. लोक येत होते, बाजूला उभे राहत होते, फोटो काढून आत जात होते. कोणी नाक दाबून पोज देत होतं. एक जण खेकडा बायकोच्या खांद्यावर ठेवत होता. पुढे सत्कार आहे, या भरवशावर ती उभी होती. सांगितलं तसं ती हसत होती.

माझ्याबरोबर शिकलेल्या तिघी तिथेच होत्या. भाड्याने आणलेली लुगडी, वर गॉगल. एकीने माझ्या हातात मोबाइल दिला. “ए, आमचा काढ ना, मावशींसोबत.”

मी काढला.

हे मला लिहायचं होतं. बाकी सगळं नसतं लिहिलं तरी चाललं असतं. मी मोबाइल धरला, चौघी नीट मावल्या की नाही ते बघितलं, “मावशी, इकडे बघा” असं कोणीतरी म्हणालं. आईने बघितलं. थेट माझ्याकडे. मी बटण दाबलं.

आत स्टेजवर सत्काराची नावं सुरू झाली. मी दारात उभी राहून ऐकली. शाली संपल्या, श्रीफळं संपली. आईचं नाव नव्हतं. मॅडमना गाठून विचारलं. त्या खरंच चकित झाल्या. “अगं, सगळे तिलाच तर भेटतायत. याहून मोठा सत्कार कुठला?”

परत आले तर एक सिनियर डॉक्टर आईसमोर मोबाइल धरून उभे. म्हणाले, “मावशी, एकदा आवाज द्या ना, मार्केटात देता तसा. व्हिडिओ करतोय.”

आई माझ्याकडे बघत होती.

मी पाटी तिच्या डोक्यावरून उतरवली. पापलेटं खाली ओतली. प्लॅस्टिकचा आवाज फार बारीक असतो, तरी लोक वळले. मी म्हटलं, “ही माझी आई आहे. ती आवाज देणार नाही.”

मॅडम धावत आल्या. माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाल्या, “सीन करू नकोस. उद्याच्या सेशनची चेअरपर्सन मी आहे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

रिकामी पाटी काखेत घेतली, आईचा हात धरला आणि बाहेर पडले. रिक्षा पामबीच रोडला लागली. आई बाहेर बघत म्हणाली, “फोटू काढताना मना वलखलंस ना गो?”

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावावर पेनाने रेघ होती. शेजारी लिहिलेलं: वेळेअभावी. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, ऑथेंटिक टच. मी खाली लिहिलं: मधली माझी आई. मासळी विकते. फोटो मी काढलाय. दहा मिनिटांत फोटो काढून टाकला गेला. माझी ओळ राहिली, कशाखाली लिहिली ते कळू नये अशी.

क्लिनिक मी सोडलं. सोसायटी सोडलेली नाही. सोडून दे, कशाला मनस्ताप, असं सांगणारे पुष्कळ भेटले. मी गेले तर त्यांना सोपं जाईल. मला त्यांना सोपं करून द्यायचं नाही.

पुढच्या वर्षी तोच पेपर पुन्हा पाठवणार आहे. नाव एकटीचं. नाकारला तर कारण लेखी मागणार. परिचयात आईवडिलांचा धंदा मी स्वतः वाचणार, एक्सपोर्ट हा शब्द न लावता. आई पहिल्या रांगेत बसेल. रोजच्या लुगड्यात, हात रिकामे.

रिक्षातल्या तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. घरात, दोघींतच देऊन ते फिटणार नाही. ते मला तिथे द्यायचं आहे, माइकवरून, त्या सगळ्यांच्या समोर.