शैलजाकाकूंचं एकच खोटं

शैलजाकाकूंना खोटं बोलता येत नाही, हे अमेरिकेत आमच्या ओहायोतल्या डब्लिनमधल्या प्रत्येक मराठी घराला कधी ना कधी सोसावं लागलं आहे. मी पहिल्यांदा हौसेने उकडीचे मोदक केले तर म्हणाल्या, "रेणू, पारी इतकी जाड आहे की आत सारण आहे हे विश्वासावरच खायचं." अख्ख्या पंगतीसमोर! मी नागपूरची, मी काय ऐकून घेते? अबोलाच धरला. तर थोड्या दिवसांनी बाई पिठाचा डबा घेऊन दारात उभी. "चल, शिकवते." अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

सांगलीच्या एसटी स्टँडवर काकूंनी आरक्षणाची खिडकी सांभाळली. आवाज तिथलाच, काचेपलीकडच्या रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाणारा. काका गेल्यावर निमिषने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकाने, त्यांना इथे ओहायोला आणलं. माझ्या शेजारचंच टाउनहाउस. त्या घरात तिसरा माणूस ट्रॅव्हिस. लाल दाढीचा, शाळेत गणित शिकवणारा, वरणभातावर लिंबू पिळून मिटक्या मारत जेवणारा. आणि काकूंचं आयुष्यातलं एकमेव खोटं याच माणसाबद्दल होतं. "हा निमिषचा रूममेट," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

त्या दोघांनी कोर्टात लग्न केलं तेव्हा काकूंनी स्वतः अक्षता टाकल्या होत्या. मला ठाऊक आहे, कारण गाडी मी ड्राइव्ह करत होते. संध्याकाळी घरोघरी पुरणपोळ्या पाठवल्या आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, "सहज केल्या." पुरणपोळ्या कुणी सहज करतं का हो? पण सगळ्यांनी खाल्ल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. आपल्या लोकांना हे फार छान जमतं. माहीत असायचं, पण बोलायचं नाही.

मग गेल्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत, ते झालं. दोघं जेवून रेस्टॉरंटमधून बाहेर पडले, हातात हात घालून गाडीकडे निघाले. एका पिकअपमधून दोन माणसं उतरली. काय काय शिव्या दिल्या ते मी इथे सांगणार नाही. 'तुमच्या देशात परत जा' हे त्यात नव्हतं, एवढं सांगते. निमिषचा जबडा मोडला, ट्रॅव्हिसचा खांदा. काकूंनी हॉस्पिटलमधून आणल्या आणल्या दोघांना शेजारी बसवून मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि मिरच्या तव्यावर टाकल्या. स्मोक अलार्म असा कोकलला की फायर ब्रिगेड दारात! काकू त्यांनाच म्हणाल्या, "बघा, किती कडक नजर होती."

त्या दोन माणसांना पकडलं, केस उभी राहिली. पण वकील म्हणाला, आमच्या राज्यात द्वेषाने केलेल्या मारहाणीचा वेगळा कायदा आहे, त्यात रंग, वंश, धर्म, देश आहे. माणूस कुणावर प्रेम करतो, बाई आहे की पुरुष की आणखी कोण, हे त्यात नाही. त्यामुळे ही साधी मारामारी. काकूंनी वकिलालाच विचारलं, "म्हणजे जबडा तोच, पण शिवी वेगळी म्हणून शिक्षा कमी?"

ते सगळं त्या कायद्यात घालावं असं बिल विधानसभेत आलं होतं आणि त्यावर राजधानीत, कोलंबसला, सुनावणी होती. एका संस्थेने निमिषला बोलायला बोलावलं. पण त्याचा जबडा तारांनी बांधलेला, आणि ट्रॅव्हिसला तर त्या दिवसाचा विषय निघाला तरी दरदरून घाम फुटायचा. "मी बोलते," काकू म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष अवधूत पेढे घेऊन हजर. माणूस वाईट नाही, पण सगळ्यांचं भलं करायच्या नादात कुणाचंच करत नाही. म्हणाला, "काकू, जरूर बोला. फक्त इंडियन म्हणून मारलं, असं म्हणा ना. ते कायद्यात ऑलरेडी आहे, केस स्ट्राँग होईल. बाकीचं कशाला? व्हिडिओ ऑनलाइन जातो, सांगलीपर्यंत पोचेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझं डोकंच फिरलं. "आणि ट्रॅव्हिसला? त्यालाही इंडियन म्हणून मारलं का रे?"

अवधूतने पेढ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. पण काकू हसल्या नाहीत. मला तेव्हाच कळलं की त्या घाबरल्या आहेत. सांगलीला त्यांच्या नणंदबाई, सुलेखावन्सं. त्यांच्या शब्दावर सगळं सासर चालतं. तिथे कळलं तर त्या घराचं दार कायमचं बंद, असं काकूंनी मनाशी धरलं होतं. सुनावणीला जाताना गाडीत मला म्हणाल्या, "इंडियन-बिंडियन मी म्हणणार नाही. शिव्या दिल्या, मारलं, कायदा करा, एवढंच. रूममेटच म्हणीन. कुणाचं काय बिघडतं?"

सुनावणीच्या हॉलमध्ये काकू इरकल नेसून, पायात पांढरे स्नीकर्स घालून माइकसमोर बसल्या. इंग्रजी त्यांचं स्वतःचं, पण खणखणीत. छान बोलल्या. "माय सन अँड हिज रूममेट," असं म्हणाल्या आणि पुढे सगळं सांगितलं.

मग समितीतल्या एका गृहस्थांनी अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, झालं ते वाईटच झालं. पण ते नुसते रूममेट असतील, तर या बिलाचा त्यांच्याशी संबंध काय?"

आपण मायेने, अदबीने, चारचौघांत बरं दिसावं म्हणून वापरलेला शब्द, आणि त्यानेच पोराची बाजू धुऊन टाकली! काकूंनी मागे वळून बघितलं. निमिषने मान हलवली, आई, राहू दे. ट्रॅव्हिस गळ्यातल्या झोळीतल्या हाताकडे बघत होता. त्याला सवय होती हो. या शब्दाची त्याला सवय झाली होती, हे बघून मला रडूच आलं.

काकू माइककडे वळल्या. आवाज थेट आरक्षणाच्या खिडकीतला.

"मी चुकीचं सांगितलं. तो माझ्या मुलाचा नवरा आहे. लग्नाला मी होते. नंतर लोकांना लाजून मी रूममेट म्हणत आले. त्या पार्किंग लॉटमधल्या माणसांनी एका मिनिटात ओळखलं की हे जोडपं आहे, आणि मारलं. मी आई, मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी एकदाही म्हटलं नाही. आता म्हणते. तुम्हीही कायद्यात म्हणा."

बिलावर मतदान झालंच नाही, अजून पडूनच आहे. मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस कुणी साधं गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगलीहून फोन आला. मी तिथेच होते. काकूंनी स्पीकर लावला.

"वहिनी, व्हिडिओ बघितला," सुलेखावन्सं म्हणाल्या. "निमिषचं लग्न झालं, आणि आत्याला आहेर करायला मिळाला नाही. एवढी का मी परकी?"

काकू म्हणाल्या, "चुकलंच माझं, वन्सं."

"ते नंतर बघू. त्या पोराचा खांदा कसा आहे? दे त्याला."

ट्रॅव्हिसने फोन डाव्या हातात घेतला. त्याला मराठीची चार वाक्यं येतात, त्यातलं एकच त्याला त्या वेळी आठवलं. "नमस्कार, आत्या," तो म्हणाला, आणि पलीकडून सुलेखावन्सं रडायला लागल्या.